सहलीचा हिशेब आणि सल्लागाराची अडत



दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या व्यापारी घरांतून एक वाद हमखास रंगतो. नव्या पिढीचे म्हणणे असे की, तिकीट, हॉटेल, गाडी सारे काही मोबाइलवर दहा मिनिटांत ठरते; मग प्रवास सल्लागाराच्या कार्यालयात जाऊन त्याला कमिशन का मिळवून द्यावे? वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, परक्या मुलखात अडचण आली तर फोन कोणाला लावायचा, हे आधी सांगा. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. बँकेच्या नोकरीत कर्जाचा प्रस्ताव समोर आला की आम्ही तो लाभ, खर्च आणि जोखीम अशा तीन रकान्यांत मांडत असू. तीच रीत वापरून आज या प्रश्नाचा हिशेब मांडू या.

संघपतीपासून सल्लागारापर्यंत

दुसऱ्याचा प्रवास योजून देणारा मनुष्य ही काही आजच्या काळाची निर्मिती नाही. आपल्या समाजातील ‘संघवी’ हे आडनाव ज्या ‘संघपती’ शब्दावरून आले, तो संघपती म्हणजे यात्रेकरूंना स्वतःच्या जबाबदारीवर तीर्थाला नेऊन सुखरूप परत आणणारा धनिक. तेराव्या शतकात गुजरातेतील वाघेला राजवटीचा मंत्री वस्तुपाल याने शत्रुंजय व गिरनार येथे नेलेले संघ इतिहासप्रसिद्ध आहेत. मुक्काम कोठे, पाणी कोठे, वाटेत संरक्षण कोणाचे, कोणी आजारी पडले तर काय, ही सारी चिंता संघपतीने वाहायची आणि यात्रेकरूने निश्चिंत मनाने वाटचाल करायची, अशी ती व्यवस्था. संघपती हे पुण्यासाठी करीत असे, आजचा सल्लागार मोबदल्यासाठी करतो. कामाचे स्वरूप मात्र फारसे बदललेले नाही.

पश्चिमेकडील कथाही आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने लेस्टर ते लाफबरो या रेल्वेप्रवासासाठी सुमारे पाचशे लोकांना प्रत्येकी एका शिलिंगात नेले. निमित्त होते मद्यपानविरोधी सभेचे. व्यसनमुक्तीच्या त्या फेरीतून पुढे जगभर पसरलेला सहल व्यवसाय उभा राहिला. १८७४ मध्ये कुकच्या कंपनीने प्रवाशांसाठी ‘सर्क्युलर नोट’ काढली. गावी पैसे भरायचे आणि परदेशात ती नोट दाखवून तेथील चलन घ्यायचे, असा तो व्यवहार. आपल्या पूर्वजांच्या हुंडीचाच तो प्रवासी अवतार म्हणावा लागेल.

महाराष्ट्रात ‘केसरी’ ही संस्था १९८४ मध्ये आणि ‘वीणा वर्ल्ड’ २०१३ मध्ये सुरू झाली. मराठी बोलणारा टूर मॅनेजर सोबत असल्यामुळे, इंग्रजीच्या भीतीने उंबरठा न ओलांडलेल्या कितीतरी कुटुंबांना परदेश पाहता आला. मोठ्या शहरांतील अशा संस्था, तालुक्याच्या गावातील छोटी कार्यालये आणि घरी बसून व्यवसाय करणारे एकटे सल्लागार, असा आज या क्षेत्राचा विस्तार आहे.

पहिला रकाना : लाभ

श्रावणातील एखादी जोडसुट्टी पाहून कोणी पालीतान्याची खोली मोबाइलवर आरक्षित केली, तर ॲप पैसे घेईल, पावती देईल, वर शुभेच्छाही देईल. चातुर्मासात शत्रुंजय गिरिराजाची यात्रा बंद असते आणि कार्तिक पौर्णिमेला ती पुन्हा सुरू होते, हे मात्र ते सांगेलच असे नाही. आपल्या घरातील लहान मुलालाही ही गोष्ट ठाऊक आहे, म्हणून आपण फसणार नाही. परंतु थोडा विचार केला तर लक्षात येईल की, प्रत्येक स्थळाचा असा काहीतरी ‘चातुर्मास’ असतो आणि तो तेथील जाणत्यालाच ठाऊक असतो. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, तर वेरूळची मंगळवारी. परदेशातून आलेल्या नातेवाइकांना वेरूळची जैन लेणी दाखवायला मंगळवारी नेले, तर बंद फाटक पाहून परतावे लागते. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. विमानाने तेथे उतरल्यावर पहिले एकदोन दिवस विश्रांती न घेता लगेच भटकंती आखली, तर विरळ हवेचा त्रास होऊन वयस्क मंडळींच्या जिवावर बेतू शकते. स्वस्त तिकिटाच्या शोधात असलेल्या तरुणाला ही विश्रांती म्हणजे ‘वाया गेलेला दिवस’ वाटते. अनुभवी सल्लागार तो दिवस आग्रहाने कार्यक्रमात घालतो.

आपल्या धामणगाव बढेचेच उदाहरण घ्या. गावाला रेल्वे नाही. आपला प्रत्येक दूरचा प्रवास मलकापूर किंवा भुसावळ येथून सुरू होतो. सम्मेद शिखरजीला जायचे तर पारसनाथ स्थानक गाठायचे. हे स्थानक गया–धनबाद मार्गावर आहे. मुंबईहून हावड्याला जाणाऱ्या गाड्यांचे दोन मार्ग भुसावळला फुटतात. एक मलकापूर, अकोला, नागपूर असा जातो. दुसरा खंडवा, इटारसी, जबलपूर करीत गयेकडे वळतो. ‘हावडा मेल’ हे नाव दोन्ही मार्गांवर आहे. केवळ नाव पाहून मलकापूरला गाडीत बसणारा यात्रेकरू नागपूरमार्गे भलतीकडेच जाईल. भुसावळहून बसा, अमुक गाडी धरा, पहाटे अंधारात चढण सुरू करावी लागेल, सुमारे २७ किलोमीटरची चढ, वंदना आणि उतार यांची फेरी आहे, आजींसाठी डोलीची सोय आधी सांगून ठेवा, असे सांगणारा माणूस भेटला की यात्रा सुकर होते.

विदेश प्रवासात तर हे ज्ञान अधिकच मोलाचे ठरते. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि साधारणपणे किमान १५ दिवस आधी तो करावाच लागतो. त्या देशांतून परतण्याच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत निदान तीन महिने शिल्लक असावी लागते. काही अन्य देश तर सहा महिन्यांची अट घालतात. व्यापारी कुटुंबाच्या बाबतीत विवरणपत्रे, फर्मची कागदपत्रे, बँकेचे खातेउतारे यांची मांडणी नीट नसेल तर अर्ज अडतो. व्हिसा देणे न देणे हे त्या देशाच्या हातात असते आणि कोणताही सल्लागार त्याची हमी देऊ शकत नाही. देत असेल तर त्याच्यापासून दूर राहावे. मात्र अर्जातील उणिवा आधीच काढून टाकणे त्याच्या हाती असते.

आहाराचा प्रश्न आपल्या घरांत सर्वांत आधी निघतो. जागतिक विमानसेवांमध्ये जैन भोजनासाठी ‘व्हीजेएमएल’ असा स्वतंत्र संकेत आहे. मात्र ही मागणी उड्डाणापूर्वी पुरेशा अवधीने नोंदवावी लागते आणि परतीच्या प्रवासासाठी, तसेच मध्ये विमान बदलायचे असेल तर त्या विमानासाठीही ती नोंदली गेली आहे ना, याची खातरजमा करावी लागते. नुसते ‘शाकाहारी’ एवढे लिहिले तर ताटात कांदा-बटाटा येण्याची शक्यता राहतेच. रात्रीभोजनत्यागाचे व्रत असणाऱ्यांनी तर ऋतूचाही विचार करावा. लंडनला जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, म्हणून संध्याकाळचे जेवण निवांत होते. त्याच लंडनला डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि समूह सहलीचे जेवण असते सातला. ज्या सल्लागाराला या गोष्टीचे गांभीर्य कळते, तो सूर्यास्तापूर्वी डबा मिळण्याची व्यवस्था करतो किंवा जायचा महिनाच बदलायला सुचवतो.

आणि मग येतो संकटकाळ. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातील विमानसेवा जवळपास आठवडाभर विस्कळीत झाली. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे झालेल्या भ्याड हल्ल्यात २६ जणांचे प्राण गेले, त्यांत महाराष्ट्रातील सहा जण होते. त्यानंतर काश्मीरमधील हजारो पर्यटकांना तातडीने परतायचे होते. विमान कंपन्यांनी तारीख बदलण्याचे व तिकीट रद्द करण्याचे शुल्क माफ केल्याचे जाहीर केले, राज्य शासनाने विशेष विमानांची सोय केली. परंतु अशा घटकेला भेदरलेल्या कुटुंबाने हॉटेलच्या खोलीत बसून ही माहिती शोधायची की त्यांच्यासाठी दुसऱ्या कोणी ती शोधून गाडी दारात उभी करायची, यातील अंतर फार मोठे आहे. सल्लागाराची खरी किंमत अशा दिवशी कळते.

दुसरा रकाना : खर्च

सल्लागाराला पैसे कोठून मिळतात, हे व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागू नये. बाजार समितीत अडत्या माल पिकवत नाही आणि विकतही घेत नाही. पण त्याच्यामुळे व्यवहार जुळतो आणि त्याची अडत त्याला मिळते. प्रवासाचेही तसेच आहे. हॉटेल, विमा कंपनी, वाहतूकदार यांच्याकडून सल्लागाराला कमिशन मिळते. काही जण ग्राहकाकडून सेवाशुल्कही घेतात. त्यात गैर काही नाही. अडत उघड असावी, एवढीच अपेक्षा. जास्त कमिशन देणारे हॉटेल तो आपल्या माथी मारत नाही ना, हे ओळखायचे असेल तर त्याच दर्जाचे दुसरे दोन पर्याय मागावेत आणि हेच का सुचवले, असे सरळ विचारावे. प्रामाणिक माणूस कारण देतो, दुसरा विषय बदलतो.

समजा, चार जणांची सात दिवसांची केरळची सहल आपण स्वतः ठरवली तर १,२०,००० रुपयांत होते आणि सल्लागार १,२९,००० रुपये सांगतो. फरक ९,००० रुपयांचा. आता दुसरी बाजू लिहा. दुकानातील गिऱ्हाईक सोडून मोबाइलवर घालवलेले तास. फोटोत सुंदर दिसणारे, पण मुख्य वस्तीपासून दूर निघालेले हॉटेल आणि त्यामुळे वाढलेले टॅक्सीभाडे. एका दिवसात न उरकणारा कार्यक्रम आखल्याने बुडालेली आगाऊ तिकिटे. वर्षातून मोजकेच दिवस दुकानाला कुलूप लावणाऱ्याच्या दृष्टीने सहलीतील एक वाया गेलेला दिवस म्हणजे दुप्पट नुकसान : गल्लाही बुडाला आणि सुट्टीही. ही बेरीज ९,००० च्या वर जात असेल तर सल्लागार स्वस्त, खाली राहत असेल तर महाग. प्रत्येकाने आपापल्या वहीत ही बेरीज करावी.

कराचा मुद्दाही लक्षात असू द्यावा. १ ऑक्टोबर २०२० पासून विदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे स्रोतावर कर गोळा करण्याची तरतूद लागू झाली. तिचे दर आणि मर्यादा पुढील अर्थसंकल्पांत वेळोवेळी बदलत गेल्या आहेत, म्हणून पैसे भरण्यापूर्वी चालू दर आपल्या सीएकडून विचारून घ्यावा. ही रक्कम बुडत नाही. ती फॉर्म २६एएस मध्ये दिसते आणि विवरणपत्र भरताना समायोजित करता येते किंवा परत मिळते. त्यासाठी पॅन क्रमांक अचूक दिलेला असला पाहिजे आणि तो कुटुंबातील कोणाचा द्यायचा, हेही आधी ठरलेले असले पाहिजे.

तिसरा रकाना : जोखीम

येथे मात्र सावधपणे पाऊल टाकावे लागते. १७५८ मध्ये ब्रिटिश पलटणींचे हिशेब पाहणारी एजन्सी म्हणून जिचा आरंभ झाला, ते ‘कॉक्स अँड किंग्ज’ हे नाव भारतीय पर्यटन व्यवसायात अग्रगण्य मानले जाई. जून २०१९ मध्ये कंपनीने आपले अल्पमुदतीचे देणे थकवले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सहलीचे पैसे आगाऊ भरलेले असंख्य ग्राहक अडकले. अडीचशेहून अधिक वर्षांची परंपरा त्यांच्या उपयोगी पडली नाही. नावाची जुनी पुण्याई आणि आजची रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कर्ज देणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला शिकवले जाते. ग्राहकानेही ते शिकावे.

त्याच वर्षी २३ सप्टेंबरला ब्रिटनमधील टॉमस कुक कंपनी कोसळली. (भारतातील याच नावाची कंपनी तिच्यापासून २०१२ मध्येच वेगळ्या मालकीकडे गेली होती, म्हणून ती वाचली.) त्या वेळी परदेशात असलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश पर्यटकांना तेथील नागरी विमान प्राधिकरणाने मायदेशी आणले. यामागे ब्रिटनमधील ‘अ‍ॅटॉल’ नावाची ग्राहक संरक्षण योजना आहे. सहल कंपनी बुडाली तरी प्रवासी वाऱ्यावर पडू नये, यासाठी ती आहे. आपल्याकडे प्रत्येक सहल कंपनीला बंधनकारक अशी योजना नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची मान्यता घेणेही ऐच्छिक आहे. म्हणून दक्षतेची जबाबदारी शेवटी आपल्याच खांद्यावर येते.

छोट्या गावांत आणखी एक धोका असतो. स्वतःच्या वैयक्तिक खात्यावरून रेल्वेची ई-तिकिटे काढून ती जादा पैसे घेऊन विकणारे लोक जागोजागी आढळतात. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ नुसार परवान्याशिवाय असा धंदा करणे गुन्हा आहे. धाड पडली की तिकीट रद्द होऊ शकते आणि प्रवासी ऐन वेळी फलाटावर अडकतो. तिकीट अधिकृत एजंटाकडूनच घ्यावे आणि त्यावर एजंटाचा तपशील छापलेला पाहावा. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. १ जुलै २०२५ पासून तत्काळ आरक्षणाची पहिली तीस मिनिटे अधिकृत एजंटांनाही बंद आहेत. ‘तत्काळ माझ्या खिशात आहे’ असे सांगणाऱ्याचे बोलणे या नियमांवर पारखून घ्यावे.

बँकेच्या टेबलावरून काही सूचना

पैसे रोख देऊ नयेत. धनादेशाने किंवा खात्यातून द्यावेत आणि ते व्यक्तीच्या नव्हे, फर्मच्या खात्यात जमा व्हावेत. जीएसटी क्रमांक असलेली पावती घ्यावी आणि सांगितलेल्या दरात कर समाविष्ट आहे की नाही, हे लिहून घ्यावे. संपूर्ण रक्कम एकदम न भरता टप्प्यांनी भरावी : थोडी आरक्षणाच्या वेळी, मोठा हिस्सा तिकिटे आणि हॉटेलची खात्रीपत्रे हातात आल्यावर. ती खात्रीपत्रे हॉटेलला स्वतः फोन करून एकदा पडताळावीत. सहल रद्द झाल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती रक्कम परत मिळेल, हे कागदावर असावे. बाजारभावापेक्षा फारच कमी दर किंवा ‘आजच भरा, उद्या दर वाढेल’ अशी घाई, या दोन्हींकडे कर्ज अधिकाऱ्याच्या संशयी नजरेने पाहावे.

एवढे करूनही वाद झालाच तर मार्ग बंद नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार आपण राहतो त्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो. कंपनी मुंबईची असली तरी तक्रार बुलढाण्यात करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहारासाठी शुल्क नाही. टाळेबंदीच्या काळातील विमान तिकिटांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी दिलेल्या निर्णयात, एजंटामार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावा एजंटाने प्रवाशापर्यंत पोहोचवावा, असे स्पष्ट झाले होते. परंतु अशा प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारला जातो : पावती कोठे आहे?

सल्लागार कधी नको?

शेगाव, मुक्तागिरी किंवा शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाताना सल्लागाराची गरज नाही. रस्ते आपल्या पायाखालचे आहेत आणि धर्मशाळेच्या कार्यालयात फोन केला की काम होते. नेहमीच्या खरेदीसाठी मुंबई-सुरतला जाणाऱ्यालाही तो नको. मात्र पहिलाच विदेश प्रवास, सोबत वृद्ध आई-वडील, दहा-पंधरा जणांचे कुटुंब, तीन-चार शहरांचा कार्यक्रम, व्रत-नियमांचे पालन, यांपैकी दोन गोष्टी जरी एकत्र आल्या, तरी माझ्या मते हिशेब सल्लागाराच्या बाजूने झुकतो.

शेवटी एक विचार व्यापारी वाचकांपुढे ठेवतो. ऑनलाइन खरेदीमुळे गावातील दुकानदार अडचणीत आला, अशी तक्रार आपण वारंवार करतो. गिऱ्हाइकाने आपल्याकडे यावे, कारण आपण त्याला योग्य माल सांगतो, खराब निघाला तर बदलून देतो, नडीअडीला उभे राहतो, असे आपले म्हणणे असते. ते खरेही आहे. मग हाच न्याय आपण गिऱ्हाईक होतो तेव्हा लावायला नको का? जाणकाराच्या सल्ल्याला मोल असते, हे आपण दुसऱ्यांकडून अपेक्षितो. तर ते मोल मोजण्याची तयारी आपणही ठेवावी. मात्र आपले चोखंदळ गिऱ्हाईक जसा माल उलटापालटा करून पाहते, तसा सल्लागारही पारखून घ्यावा.

पुष्कळ घरांत आई-वडिलांची एखादी यात्रा, एखादे पाहायचे राहून गेलेले ठिकाण ‘पुढच्या वर्षी’ या नावाखाली वर्षानुवर्षे खतावणीत पुढे ओढले जात असते. दुकानाची गर्दी कधीच संपत नाही, गुडघे मात्र दरवर्षी थकत जातात. शिखरजीची चढण सत्तरीत जेवढी शक्य असते, तेवढी पंच्याहत्तरीत राहत नाही. योजना आखायला वेळ नाही, हेच जर कारण असेल, तर योजना आखून देणारे लोक उपलब्ध आहेत आणि त्यांची अडत परवडणारी आहे. या सुट्टीत ही जुनी बाकी आधी चुकती करावी, ही विनंती.